डेझी: एक साधं फूल आणि अमेरिकेतले त्याचे नाना अर्थ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपल्यापैकी अनेकींची डेझीशी पहिली ओळख बागेत नाही, रुमालावर होते. शाळेत शिवणाच्या तासाला लेझी डेझीच्या टाक्याने पाच पाकळ्या काढायच्या, मधे पिवळ्या दोऱ्याच्या गाठी भरायच्या, झालं फूल. पुढे कॉलेजात हीच डेझी कादंबरीची नायिका होऊन भेटते, सिनेमात म्हातारी होऊन, आणि बातम्यांत चक्क बॉम्ब होऊन. मी अमेरिकन साहित्य शिकवते, म्हणून विद्यार्थी या नावाबद्दल विचारतात. पण त्यांच्याहून जास्त प्रश्न येतात ते तिकडे राहणाऱ्या आयांचे आणि सबटायटल्स वाचून डोकं खाजवणाऱ्यांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. डेझी म्हणजे नेमकं कोणतं फूल? आपल्याकडे ते असतं का?

पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळी चकती, असं दिसणाऱ्या बऱ्याच फुलांना इंग्रजीत डेझी म्हणतात. ब्रिटनमधल्या हिरवळीवर उगवणारी ठेंगणी डेझी वेगळी आणि अमेरिकेत रस्त्याकडेला, कुरणांत दिसणारी उंच देठाची 'ऑक्सआय डेझी' वेगळी. अमेरिकन माणूस बहुतेक वेळा ही दुसरी डोळ्यांपुढे आणतो. गंमत म्हणजे ती मूळची अमेरिकेची नाहीच. ती युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर गेली आणि अशी फोफावली की आज काही राज्यांत तिची नोंद उपद्रवी तण म्हणून आहे. गाईंनी ती खाल्ली तर दुधाला वास येतो, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार.

फुलवाल्याकडे मिळते ती मोठी, शुभ्र 'शास्ता डेझी' मात्र अस्सल कॅलिफोर्नियाची. ल्यूथर बरबँक यांनी चार जातींचे संकर करत, सुमारे १७ वर्षं खपून ती तयार केली आणि १९०१ मध्ये बाजारात आणली. नाव दिलं माउंट शास्ताच्या बर्फावरून.

ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली, म्हणजे शेवंती, झेंडू, अॅस्टर यांची भावंडं. आपल्या रस्त्याकडेला डेझीसारखं दिसणारं फूल शोधायचंच तर एकदांडी बघा, जिला कुठे कंबरमोडी म्हणतात. लहानशी पिवळी चकती, भोवती फिकट पाकळ्या. ती आपल्याकडे आली उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून. त्यांच्याकडे युरोपचं तण, आपल्याकडे त्यांचं.

२. 'डेझी' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

'दिवसाचा डोळा'. जुन्या इंग्रजीतल्या या जोडशब्दाचं झिजत झिजत डेझी झालं. ब्रिटिश डेझी रात्री पाकळ्या मिटते आणि सकाळी उघडते, त्यावरून हे नाव. अमेरिकेतली ऑक्सआय अशी मिटत नाही, पण नाव तेच चिकटलं. हा डोळा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे (प्रश्न ८ आणि ११).

३. कादंबरीत एकाच मुलीला मार्गारेट आणि डेझी दोन्ही म्हणतात. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. फ्रेंचमध्ये डेझीला 'मार्गरीत' म्हणतात, म्हणून इंग्रजीत मार्गारेटचं लाडाचं नाव डेझी पडलं. 'लिट्ल विमेन'मध्ये मेगला मैत्रिणी डेझी म्हणतात आणि पुढे तिच्या लेकीचंही घरचं नाव तेच असतं. मार्गारेट या नावाच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ मोती. त्यामुळे डेझीच्या मागे फूल आणि मोती असे दोन्ही अर्थ उभे असतात.

कवयित्री एमिली डिकिन्सन यांचा मार्गारेटशी काही संबंध नव्हता, तरी त्यांनी काही पत्रांत स्वतःला डेझी म्हणवून घेतलंय. तिथे अर्थ आहे 'मी लहान, मी साधी'. ज्यांनी त्यांच्या कविता वाचल्यात, त्यांना यातलं किती खरं मानायचं ते कळेलच.

४. अमेरिकन माणसाला डेझी म्हटल्यावर काय आठवतं? गुलाबासारखा एक ठरलेला अर्थ आहे का?

ठरलेला अर्थ म्हणाल तर निरागसपणा, ताजेपणा, साधेपणा. झोप काढून उठलेला माणूस डेझीसारखा ताजा असतो. १९९८ च्या 'यू हॅव गॉट मेल'मध्ये आजारी नायिकेसाठी नायक डेझीचा गुच्छ घेऊन येतो, आणि हे सगळ्यांत मैत्रीपूर्ण फूल आहे, असं ती म्हणते. गुलाब दिला की कबुली दिल्यासारखं होतं. डेझी दिली तर नुसती विचारपूस. एप्रिलमध्ये जन्मलेल्यांचं ते फूल, लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाचंही. भेट म्हणून बिनधास्त न्या.

पण माझं मत विचाराल तर अमेरिकन कथा-सिनेमात डेझी नुसती निरागस म्हणून क्वचितच येते. निरागस *दिसते* म्हणून तिला आणलेलं असतं, आणि त्या दिसण्याचा फायदा कुणीतरी घेत असतं. कधी नायिका स्वतः, कधी लेखक, कधी राष्ट्राध्यक्ष.

५. गॅट्सबीच्या प्रेयसीचं नाव डेझीच का? परीक्षेत नेहमी येतं.

येतं, आणि निम्म्या उत्तरपत्रिकांत 'पांढरा म्हणजे पवित्रता, पिवळा म्हणजे पैसा' एवढं एकच वाक्य असतं. चूक नाही, पण अर्धवट आहे.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५ ची. डेझी ब्यूकॅनन, माहेरची फे, केंटकीतल्या लुइव्हिलची. मुलगी असताना पांढरे कपडे घालते, पांढरी छोटी मोटार चालवते. लग्नानंतर पहिल्यांदा वाचकाला दिसते तेव्हाही पांढऱ्यातच. आणि तिच्या आवाजात काय आहे हे गॅट्सबी एका शब्दात सांगतो: पैसा. बाहेर पांढऱ्या पाकळ्या, मधे सोनं. इथपर्यंत गाइडातही असतं.

पुढचं बघा. लग्नात नवऱ्याकडून तिला साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ मिळते. डेझी, मार्गारेट, मोती (प्रश्न ३). लग्नाच्या आदल्या रात्री ती माळ कचऱ्याच्या टोपलीत टाकते, आणि दुसऱ्या दिवशी तीच गळ्यात घालून बोहल्यावर उभी राहते. तिचं अख्खं आयुष्य त्या दोन कृतींत आलं.

तिसरी गोष्ट नावांची. डेझी जिला गाडीखाली चिरडते, त्या बाईचं नाव मर्टल. मर्टल हेही एक सुवासिक झुडूप. बागेतलं एक झाड दुसऱ्याला मारतं आणि चाकामागे कोण होतं हे कुणी विचारत नाही, कारण गाडी गॅट्सबीची असते. रंग पिवळा.

आणि ती भाबडी आहे का? आपली मुलगी मूर्ख निघावी, सुंदर आणि मूर्ख, अशी इच्छा ती बोलून दाखवते. भाबडेपणा हा या जगात बाईला परवडणारा सोयीचा वेष आहे, हे जिला कळलंय तीच असं बोलू शकते.

६. मग हेन्री जेम्सची डेझी मिलर? तिलाच पुढे डेझी ब्यूकॅनन केलं का?

नात्याने म्हणाल तर थोरली बहीण. १८७८ ची 'डेझी मिलर' ही युरोपात फिरायला आलेल्या श्रीमंत अमेरिकन मुलीची गोष्ट. तिचं खरं नाव अॅनी. डेझी हे घरचं. ती कुणाबरोबरही फिरते, रीतभात पाळत नाही, आणि युरोपात मुरलेले अमेरिकन लोक तिच्याकडे बघून नाकं मुरडतात. रात्री रोमच्या कलोसियममध्ये गेल्याचं निमित्त होऊन तापाने मरते. तिच्याबद्दल शेवटपर्यंत मत बनवू न शकणाऱ्या तरुणाचं नाव विंटरबोर्न, म्हणजे त्यात हिवाळा आलाच. फूल गारठून मेलं.

फरक एवढाच की ही डेझी खरंच निरागस होती आणि कुणाला ते पटलं नाही. ब्यूकॅननबाईंचं नेमकं उलट.

७. डेझी डक, डेझी मे आणि डेझी ड्यूक या एकाच माळेतल्या का?

सगळ्या विसाव्या शतकातल्या, पण स्वभाव वेगवेगळे.

डोनाल्ड डकची मैत्रीण १९३७ मध्ये 'डोना' या नावाने आली होती. १९४० च्या कार्टूनपासून ती डेझी. इथे फूल फक्त नावापुरतं. ही बाई चांगलीच तापट आहे.

डेझी मे होती 'लिल अॅबनर' या कॉमिक-पट्टीत. अॅल कॅप यांनी १९३४ पासून १९७७ पर्यंत चालवलेली ही पट्टी डोंगरातल्या एका कल्पित गावंढळ वस्तीची. डेझी मे देखणी, कष्टाळू, आणि १८ वर्षं अॅबनरच्या मागे. तो बैल काही कळतच नसल्यासारखा. अखेर १९५२ मध्ये त्यांचं लग्न लागलं, आणि देशभर त्याची अशी चर्चा झाली की आपल्याकडे मालिकेतल्या लग्नाचीसुद्धा होत नसेल. 'गावाकडची साधी, अर्धवट कपड्यातली सुंदरी' हे डेझी नावाचं चित्र इथे पक्कं झालं.

त्याच चित्रावर 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' (१९७९ ते १९८५) या टीव्ही मालिकेतली डेझी ड्यूक बेतलेली. कॅथरीन बाख या अभिनेत्रीने घातलेल्या, मांडीपासून कापलेल्या जीन्समुळे त्या चड्डीलाच 'डेझी ड्यूक्स' म्हणायला लागले. १९९३ मध्ये त्यावर एक रॅप गाणं गाजलं आणि मालिका न पाहिलेल्यांच्या तोंडीही शब्द बसला. आज दुकानात हा शब्द दिसला तर फूल शोधू नका.

८. १९६४ ची 'डेझीची जाहिरात' म्हणजे काय? निवडणूक आली की तिचं नाव निघतं.

अमेरिकेच्या राजकीय प्रचारात हिच्याइतकी गाजलेली जाहिरात दुसरी दाखवता येणार नाही. आणि पैसे भरून ती दाखवली गेली फक्त एकदा.

७ सप्टेंबर १९६४, रात्रीची वेळ, एनबीसी या टीव्ही वाहिनीवर सिनेमा चालू. मधेच एक लहान मुलगी दिसते. हातात फूल, एकेक पाकळी खुडत आकडे मोजतेय आणि मोजताना चुकतेय. नऊपर्यंत येते तोच एक पुरुषी आवाज उलटे आकडे मोजू लागतो, दहापासून खाली. मुलगी वर बघते, चित्र थबकतं, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो. शून्य. डोळ्याच्या काळ्या बाहुलीत अणुस्फोट. मग राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा आवाज: पणाला लागलंय ते हे. शेवटी मतदानाचं आवाहन.

साठ सेकंदांत प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नाव एकदाही येत नाही. गरजच नव्हती. अण्वस्त्रांबद्दलची त्यांची बेफिकीर विधानं लोकांच्या कानात ताजी होती. जाहिरातीने फक्त बोट दाखवलं आणि उरलेलं प्रेक्षकांनी स्वतः जोडून घेतलं. आरडाओरडा झाला, जाहिरात मागे घेतली गेली, आणि मग बातम्यांच्या कार्यक्रमांनी ती फुकटात पुन्हा दाखवली. नोव्हेंबरमध्ये जॉन्सन यांनी ५० पैकी ४४ राज्यं जिंकली. ती या जाहिरातीमुळेच जिंकली असं मात्र लिहू नका. ते आधीपासूनच पुढे होते.

आता 'दिवसाचा डोळा' आठवा. जाहिरात करणाऱ्यांच्या मनात शब्दाचं मूळ असेल असं मला वाटत नाही. पण फूल, डोळा आणि स्फोटाचा सूर्य एकापाठोपाठ येतात तेव्हा अंगावर काटा येतो, तो भाषेच्या तळातूनच येत असावा.

९. 'प्रेम करतो, करत नाही' या खेळात डेझीच का?

पाकळ्या बऱ्याच, सुट्या आणि पटापट निघणाऱ्या. एकेक पाकळी खुडत कौल लावायचा हा खेळ युरोपातून आला, बहुधा फ्रान्समधून. सुरुवात 'करतो'ने केली आणि पाकळ्यांची संख्या विषम असली तर उत्तर मनासारखं येतं. प्रत्येक फुलात संख्या वेगळी, त्यामुळे आधी मोजून घेणाऱ्या मुलीही असतात. खरं तर ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक स्वतंत्र बारीक फूल असतं, आणि पिवळी चकती म्हणजे अशाच शेकडो बारीक फुलांचा गुच्छ. एका फुलाला विचारलं असं वाटतं, पण कौल अख्ख्या गर्दीचा असतो.

१०. हिप्पींच्या पोस्टरवर सगळीकडे डेझी दिसते. शांतता मोर्चात त्या मुलीच्या हातातही डेझीच होती ना?

नाही. त्या फोटोतलं फूल शेवंतीचं.

२१ ऑक्टोबर १९६७ ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पेंटागॉनवर मोर्चा गेला. संगिनी रोखलेल्या सैनिकांसमोर एक १७ वर्षांची मुलगी हातात फूल धरून उभी आहे, हा मार्क रिबू यांचा फोटो. त्याच दिवसाचा दुसरा प्रसिद्ध फोटो बर्नी बॉस्टन यांचा: एक तरुण बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोवतोय. ती कार्नेशन. लोकांच्या आठवणीत दोन्हीकडे डेझी झाली, कारण चित्रकारांना पाच-सहा गोल पाकळ्या आणि मधे ठिपका काढणं सोपं. व्हॅनवर, टी-शर्टवर, वॉलपेपरवर तेच चित्र गेलं. खऱ्या फुलाला रेखाटनाने हरवलं म्हणायचं.

पुढे १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डे ला सोल या हिप-हॉप त्रिकुटाने पहिल्या अल्बमवर डेझी छापल्या आणि 'डेझी एज'ची घोषणा केली. त्यांच्या लेखी 'डेझी'ची इंग्रजी अक्षरं एका वाक्यप्रयोगाची आद्याक्षरं होती, अर्थ साधारण 'आतला आवाज, मंडळी'. पण सगळ्यांनी त्यांना नवे हिप्पी ठरवून टाकलं. वैतागून १९९१ च्या दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनी डेझीची फुटलेली कुंडी दाखवली, आणि नावातच स्वतःचा मृत्यू जाहीर केला.

११. जुन्या अमेरिकन बोलीत 'तू डेझी आहेस' म्हणजे शिवी की कौतुक?

कौतुक. एकोणिसाव्या शतकात डेझी म्हणजे 'एक नंबर', 'झकास'. आजही वापरात असलेला 'डूझी' हा शब्द यातूनच आला असावा असं कोशकार मानतात.

सिनेमावाल्यांना हा प्रयोग डॉक हॉलिडे या जुन्या पश्चिमेतल्या बंदूकबाजामुळे माहीत असतो. २६ ऑक्टोबर १८८१ ला अॅरिझोनातल्या टूम्बस्टोन गावात झालेल्या गोळीबारात एकाने 'आता सापडलास' असं म्हटल्यावर हॉलिडेने उत्तर दिलं की खरंच तसं असेल तर तू डेझी. तिथल्या वर्तमानपत्रात हे छापून आलं आणि १९९३ च्या 'टूम्बस्टोन' चित्रपटात आलं. मराठीत याचा सूर 'जमवून दाखव, मग मानलं तुला' असा लागेल. हातात पिस्तूल धरून.

याच बोलीतून बंदुकीला नाव मिळालं. मिशिगनच्या प्लिमथमध्ये पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती. १८८० च्या दशकात तिच्यासमोर एक हवेची बंदूक आली. व्यवस्थापकाने ती झाडून पाहिली आणि म्हणाला, 'ही तर डेझी!' पवनचक्कीबरोबर बंदूक फुकट अशी योजना निघाली, बंदुकीलाच मागणी वाढली, आणि १८९५ मध्ये कंपनीने पवनचक्क्या सोडून नावच डेझी करून टाकलं. अमेरिकेतल्या कित्येक पोरांची पहिली बंदूक म्हणजे डेझीचे छर्रे. १९८३ च्या 'अ ख्रिसमस स्टोरी'मध्ये एक मुलगा हीच मागतो आणि जो तो त्याला बजावतो: डोळा फोडून घेशील. दिवसाच्या डोळ्याने.

१२. एका बॉम्बचं नाव डेझी कटर कसं?

हा शब्द क्रिकेट पाहणाऱ्यांना अनोळखी नसेल. जमिनीलगत सरपटत येणारा चेंडू म्हणजे डेझी कटर. गवतातल्या डेझी कापत येतो म्हणून. बेसबॉलमध्येही सरपटी फटक्याला हेच म्हणत.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने बीएलयू-८२ हा सुमारे ६,८०० किलोचा बॉम्ब वापरला. तो जमिनीच्या जरासा वर फुटायचा. खड्डा पडायचा नाही, पण भोवतालचं जंगल आडवं व्हायचं आणि हेलिकॉप्टर उतरायला जागा मिळायची. सैनिकांनी त्याला डेझी कटर म्हटलं. २००१ मध्ये तो अफगाणिस्तानातही टाकला गेला, २००८ मध्ये निवृत्त झाला. हिरवळीवरचा खेळकर शब्द किती लांब जाऊ शकतो, त्याचा यापेक्षा कडू नमुना मला माहीत नाही.

१३. 'डेझी वर ढकलतोय' म्हणजे माणूस गेला? हे सांत्वनाला गेल्यावर म्हणता येईल का?

गेला, पुरला, आणि त्याच्यावर डेझी उगवल्या, असा अर्थ. सूर आपल्या 'गचकला'च्या जवळचा. सांत्वनाला अजिबात नको. याच नावाची 'पुशिंग डेझीज' ही मालिका २००७ ते २००९ मध्ये आली; तिचा नायक 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ बनवणारा आहे आणि मेलेल्यांना नुसत्या स्पर्शाने उठवतो. तिथे नाव चपखल बसतं.

पण म्हणून डेझी अशुभ ठरत नाही. आजाऱ्याला सर्रास देतात (प्रश्न ४).

१४. मूल पडल्यावर 'ऊप्सी डेझी' म्हणतात. यात फूल कुठून आलं?

आलंच नाही. मुलाला उचलताना 'अप' बरोबर जोडलेलं ते निरर्थक शेपूट आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या रूपांत सापडतं, आणि डेझीसारखं ऐकू येतं म्हणून लोकांनी ते फूल करून टाकलं. 'लॅकाडेझिकल' म्हणजे आळसावलेला, या शब्दातही फूल नाही. तो 'लॅकाडे' या जुन्या हाय-हाय करणाऱ्या उद्गारातून आला. लेझी डेझी टाक्यात मात्र फूल खरंच आहे.

१५. डेझी चेन करू नका, असं एक्स्टेन्शन बोर्डवर लिहिलंय. म्हणजे?

एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असं जोडू नका. तारा तापतात, आग लागते. मुलं डेझीच्या देठाला चीर पाडून त्यात पुढचं देठ ओवतात, त्या माळेवरून हा शब्द. वॅसर कॉलेजच्या पदवीदानात विद्यार्थिनी खांद्यावरून १५० फूट लांबीची खरीखुरी डेझी चेन नेतात. या शब्दाला एक चावट अर्थही आहे. तो शोधायचा तर ऑफिसच्या संगणकावर शोधू नका.

१६. माझी पाच वर्षांची मुलगी इथे 'डेझी' झाली. नाव बदललंय का तिचं?

नाही हो. गर्ल स्काउट्समधली सर्वांत लहान पायरी म्हणजे डेझी: बालवाडी आणि पहिली. संस्थेच्या संस्थापक ज्युलिएट गॉर्डन लो यांना घरी डेझी म्हणत. त्यांनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना इथे १८ मुली जमवून सुरुवात केली. एकेक गुण शिकला की मुलीला पाकळीचा बिल्ला मिळतो आणि निळ्या अंगरख्यावर हळूहळू पूर्ण फूल तयार होतं. आजीला फोनवर सांगताना 'डेझी पथकात गेली' म्हणा, घोळ होणार नाही.

१७. बहिणीला हॉस्पिटलात डेझी अवॉर्ड मिळालाय. बक्षीस म्हणून दालचिनीचे रोल! खरंच मोठा मान आहे का?

आहे, अभिनंदन करा. पॅट्रिक बार्न्स हा ३३ वर्षांचा तरुण १९९९ मध्ये प्रतिकारशक्तीच्या आजाराने गेला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचे आभार मानावेत म्हणून घरच्यांनी हा सन्मान सुरू केला. इथे 'डेझी' ही अशा आजारांना उद्देशून केलेली आद्याक्षरं आहेत. रोल त्याला आवडायचे, म्हणून ते अख्ख्या वॉर्डाला वाटतात. नामांकन रुग्ण आणि नातेवाईकही करू शकतात.

१८. 'मी काही मिस डेझीला फिरवत नाहीये' असं मित्र गाडीत बसताना म्हणाला. माझं काय चुकलं?

तुम्ही मागच्या सीटवर बसलात. 'ड्रायव्हिंग मिस डेझी' (१९८९) हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला सिनेमा: अटलांटातली वयस्कर ज्यू बाई आणि तिचा कृष्णवर्णीय ड्रायव्हर. मित्राला म्हणायचं होतं, मला ड्रायव्हर समजलास का? आपल्याकडे पाहुण्याने मागे ऐसपैस बसावं यात गैर काही नाही. तिकडे चालवणारा ओळखीचा असेल तर पुढे बसायचं. हा विनोद तुम्ही स्वतः करायला जाऊ नका, विशेषतः चालवणारा कृष्णवर्णीय असेल तर. सिनेमातल्या त्या नात्यावर तिकडे आजही वाद घालतात.

१९. संगणक मरताना डेझीचं गाणं का म्हणतो?

हा प्रश्न '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) पाहून येतो. हॅल या संगणकाचा मेंदू काढत नेतात तेव्हा तो मंदावत 'डेझी बेल' गातो. गाणं १८९२ चं, दोघांच्या सायकलवर बसून लग्नाला चल म्हणणारं. गाडीघोडा परवडत नाही, पण सायकलवर तू छान दिसशील. १९६१ मध्ये बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या संगणकाकडून हेच गाणं गाऊन घेतलं होतं. चित्रपटाचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते प्रात्यक्षिक पाहिलं, आणि तिथून ते चित्रपटात आलं. यंत्राने शिकलेलं पहिलं गाणंच त्याला शेवटी आठवतं.

२०. मुलीचं नाव डेझी ठेवावं का? तिकडे हसतील का?

हसणार नाहीत. मधे अनेक वर्षं ते आजीबाईंचं नाव वाटायचं (प्रश्न १८), आता पुन्हा लहान मुलींना देतात. गाईला आणि कुत्रीलाही देतात, आपल्या कपिला-मोतीसारखं, हे मात्र खरं. वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आणि पारशांत ते जुनंच आहे. पन्नासच्या दशकातली बालकलाकार डेझी इराणी आठवत असेल. देवनागरीत 'डेझी' लिहा. 'डेसी' लिहिलंत तर तिकडे 'देसी' वाचतील.

२१. प्रीकनेसच्या घोड्याला घालतात त्या पिवळ्या डेझीच का?

हा प्रश्न वर्षातून एकदा, मे महिन्यात येतो. मेरीलँडमधल्या या शर्यतीत जिंकलेल्या घोड्यावर फुलांची चादर घालतात. ती असायला हवी 'ब्लॅक-आइड सुझन'ची, कारण १९१८ पासून ते राज्याचं फूल आहे: पिवळ्या पाकळ्या, मधे काळसर डोळा. अडचण अशी की शर्यत मे महिन्यात आणि ते फूल फुलतं त्यानंतर. मग कित्येक वर्षं पिवळ्या डेझी आणून प्रत्येकीच्या मधोमध काळं लॅकर लावायचे. आता ती चादर शेवंतीच्या एका जातीची करतात. घोड्याला फरक कळत नाही, आणि टीव्हीवरून आपल्यालाही नाही.